मोटारसायकल विकली, नाव मात्र मागे राहिले

आपल्या बेटावर जुनी मोटारसायकल विकणे हा अगदी सोपा व्यवहार समजला जातो. घेणारा संध्याकाळी घरी येतो, इंजिन सुरू करून पाहतो, रस्त्यावर एक फेरी मारून येतो. भावात थोडी ओढाताण होते, नोटा मोजल्या जातात आणि किल्ली हातात पडते. ज्या नोंदणीपुस्तकाला आपण सगळे ‘हॉर्सपावर’ म्हणतो, तेही किल्लीबरोबर देऊन टाकले जाते. “तेवढे तुझ्या नावावर करून घे हं,” असे सांगून विकणारा घरात वळतो. त्याच्या मते काम संपले. खरे पाहता त्याच्या काळजीचे दिवस तेव्हापासून सुरू होतात.

नाव बदलणे हे घेणाऱ्याचे काम, त्याने केले नाही तर नुकसान त्याचेच, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत उलटी आहे. नाव बदलले नाही तर घेणाऱ्याला फारशी घाई नसते. गाडी त्याच्याकडे असते, तो रोज तिच्यावर बसतो. अडकतो तो विकणारा, कारण गाडी गेली तरी सरकारच्या दप्तरात तिच्याशी त्याचेच नाव बांधलेले असते. वाचकहो, आजच्या लेखात हाच एक मुद्दा थोडा उलगडून पाहू.

हा प्रश्न आजच का घ्यावा, असे कोणी विचारील. मॉरिशसमध्ये नोंदलेल्या वाहनांपैकी एक तृतीयांशाहून अधिक वाहने दुचाकी आहेत. मजूर, शिपाई, दुकानातला पोऱ्या, आता घरोघर जेवण पोचवणारी तरुण मुले, या सर्वांचे पोट दुचाकीवर चालते. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते. पूर्वी घेणारा बहुधा आपल्याच गावचा असे, नाहीतर कारखान्यातला सोबती किंवा बहिणीचा दीर असे. काही अडले तर त्याच्या दारात जाऊन उभे राहता येत असे. आता फोनवर जाहिरात पाहून वाक्वाच्या घरी ग्रां बेचा अनोळखी तरुण येतो, आणि सहा महिन्यांनी तोही ती गाडी तिसऱ्याला विकून मोकळा होतो. व्यवहार अनोळखी माणसांशी होऊ लागला, पण आपली पद्धत मात्र ओळखीच्या काळातलीच राहिली. त्यात रस्त्यांवर कॅमेरे आले आहेत. कॅमेरा चालवणाऱ्याला ओळखत नाही, तो नंबर वाचतो. आणि नंबरावरून जे नाव निघते ते नोंदणीतले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपला दिवाणी कायदा, म्हणजे कोद सिव्हिल, हा मूळचा नेपोलियनचा. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतले त्याआधीच, गव्हर्नर देकां यांच्या कारकिर्दीत, तो येथे लागू झाला होता आणि इंग्रजांच्या राज्यातही तो टिकला. त्याच्या १५८३ व्या कलमाचा आशय असा: वस्तू कोणती आणि किंमत किती याबद्दल दोघांचे एकमत झाले की त्या दोघांपुरती विक्री पुरी झाली, मग वस्तू अजून दिलेली नसो की पैसे अजून दिलेले नसोत. म्हणजे अंगणात हातात हात दिला त्याच क्षणी गाडी दुसऱ्याची झाली. आपल्या लोकांचा जो समज आहे त्याला आधार आहे तो एवढाच.

पण त्या वाक्यातले ‘दोघांपुरती’ हे शब्द विसरू नयेत. विकणारा आणि घेणारा यांच्यापलीकडे पोलीस आहेत, विमा कंपनी आहे, रस्त्यावर जखमी झालेला माणूस आहे, बँक आहे. त्यांना अंगणातली बोलणी कशी कळणार? त्यांच्यासाठी कायदा कागद मागतो. याच कायद्याचे १३२८ वे कलम सांगते की दोघांनी आपापसात लिहिलेल्या कागदावरची तारीख तिऱ्हाइतापुढे आपोआप खरी धरली जात नाही. तो कागद सरकारी नोंदणीत दाखल झाला, किंवा सही करणाऱ्यांपैकी कोणी वारला, किंवा त्याचा मजकूर सरकारी अधिकाऱ्याने केलेल्या दस्तऐवजात नमूद झाला, तरच ती तारीख पक्की होते. म्हणून घरी टेबलावर लिहिलेले विक्रीपत्र, ज्याला आपण बोलताना आक्त द वांत म्हणतो, ते लिहून कपाटात ठेवणे म्हणजे अर्धेच काम. ते रजिस्ट्रार-जनरलच्या खात्यात नोंदले गेले पाहिजे, आणि त्या आधारावर कासीस येथील एनएलटीएच्या, म्हणजे जुन्या एनटीएच्या, दप्तरात मालकाचे नाव बदलले पाहिजे.

थोडक्यात, मालकी बदलण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली अंगणात, दुसरी रजिस्ट्रारकडे, तिसरी कासीसला. पहिल्या पायरीवर गाडी जाते. नाव जाते ते तिसऱ्या पायरीवर. या दोहोंमध्ये जितके दिवस जातील तितके दिवस विकणारा दुसऱ्याच्या करणीला जामीन राहिल्यासारखा असतो.

हे दिवस कसे महाग पडतात ते एका उदाहरणाने पाहू. समजा, वाक्वाच्या एका काकांनी आपली १२५ सीसीची मोटारसायकल कात्र बोर्नच्या एका तरुणाला विकली. पैसे चोख मिळाले. तरुण म्हणाला, “काका, पुढच्या आठवड्यात कासीसला जातो.” पुढचा आठवडा कधी आलाच नाही. तीन महिन्यांनी काकांच्या घरी वेगमर्यादा मोडल्याची नोटीस आली. नोटीस नोंदणीतल्या पत्त्यावर येणार, यात कोणाची चूक नाही. गाडी आपण चालवत नव्हतो एवढे म्हणून भागत नाही, मग कोण चालवत होते ते सांगण्याची पाळी काकांवर येते. तरुणाचे पूर्ण नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता यांतले काहीच काकांनी लिहून घेतलेले नाही. फोन लावला तर नंबर बंद. चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणतात तसे झाले. आणि त्या गाडीवरून कोणी रस्त्यात बाईची पर्स हिसकावून पळाला असता, तर पोलीस पहिल्यांदा कोणाचे दार ठोठावतील हे सांगायला नको.

दंड एक वेळ भरून टाकता येतो. अपघाताची गोष्ट निराळी. कोद सिव्हिलच्या १३८४ व्या कलमाप्रमाणे आपल्या ताब्यातील वस्तूमुळे दुसऱ्याला जी इजा होते तिची जबाबदारी आपल्यावर येते. ताबा कोणाचा? न्यायालये प्रथम मालकाचाच ताबा गृहीत धरतात. मात्र हा समज मालकाला खोडून काढता येतो. या बाबतीत फ्रान्समधील १९४१ चा फ्रांक खटला प्रसिद्ध आहे. एका डॉक्टरची मोटार रात्री चोरीला गेली आणि चोराने त्या मोटारीखाली एका पोस्टमनला चिरडले. वस्तूचा वापर, तिची दिशा आणि तिच्यावरचे नियंत्रण ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे तिचा ताबा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि डॉक्टरांवर या कलमाची जबाबदारी राहिली नाही. कोद सिव्हिलचा अर्थ लावताना आपली न्यायालये फ्रेंच निवाडे डोळ्यांपुढे ठेवतात. तेव्हा ज्याने खरोखर गाडी विकून हातची दिली, त्याला सुटकेची वाट आहे.

पण वाट आहे म्हणजे प्रवास फुकट आहे असे नव्हे. गाडी मी अमुक दिवशी, अमुक माणसाला दिली, हे काकांनी सिद्ध करायचे. साक्षीदार शोधायचे, वकील करायचा, तारखांना हजर राहायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वाडवडील म्हणत आले. आणि ज्याच्याकडे नोंदलेले विक्रीपत्र नाही, त्याच्या हाती शेवटी स्वतःच्या शब्दाशिवाय उरते काय?

या बाबतीत भारतातील न्यायालयाने किती कडक भूमिका घेतली आहे तेही पाहण्यासारखे आहे. तेथील मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे गाडी विकल्याची खबर देणे हे विकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. एका प्रकरणात एका गृहस्थाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. ती २००८ मध्ये दुसऱ्याकडे, २००९ मध्ये तिसऱ्याकडे गेली, पण नोंदणीत नाव पहिल्याचेच राहिले. मे २००९ मध्ये अपघात झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात निर्णय दिला की नुकसानभरपाईच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्यामागचा विचार असा की गाडीने कोणाकोणाचे हात बदलले याचा माग काढत जखमी माणसाने किंवा मृताच्या विधवेने दारोदार फिरावे, हे न्याय्य नाही.

हा निवाडा आपल्या न्यायालयांना बांधून ठेवत नाही. भारताचा कायदा एका वाटेने जातो, आपला दुसऱ्या. तेथे पुस्तकातले नाव जवळजवळ शेवटचा शब्द आहे. येथे ते पहिला शब्द आहे, पुढे पुराव्याने तो बदलता येतो. पण दोन्ही वाटांवर शहाणपण एकच निघते. पुस्तकात नाव ठेवून गाडी देणारा माणूस आपली शांतता दुसऱ्याच्या हाती देतो.

विम्याची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. पुष्कळांना वाटते की विमा गाडीला चिकटलेला असतो, चिठ्ठीवर तारीख शिल्लक आहे म्हणजे भागले. विमा हा कंपनी आणि विमा उतरवणारा यांच्यातील करार असतो. मालक बदलला की घेणाऱ्याने जुन्या चिठ्ठीवर विसंबू नये. विकणाऱ्याने आपल्या कंपनीला लेखी कळवावे आणि घेणाऱ्याने रस्त्यावर गाडी काढण्यापूर्वी स्वतःच्या नावाने विमा घ्यावा. आपल्या रस्त्यांवर मरण पावणाऱ्यांत दुचाकीस्वार सर्वांत अधिक आहेत हे आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. एका तरुणाच्या मागे घरी बायको-मुले असतात, नाहीतर म्हातारे आईबाप. विम्याचा कागद दुसऱ्याच्या नावाचा निघाला तर त्या घराला कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर फिरावे लागेल, याची कल्पना करावी.

आता थोडे घेणाऱ्याच्या बाजूने. त्यालाही धोका आहे, फक्त तो वेगळ्या जागी आहे. आपल्याकडे कितीतरी मोटारसायकली हप्त्याने घेतलेल्या असतात. भाडे-खरेदीच्या व्यवहारात शेवटचा हप्ता भरेपर्यंत गाडी दुकानदाराची किंवा पतसंस्थेची असते, चालवणाऱ्याची नव्हे. जी वस्तू आपली नाही ती विकायची कशी? कर्जासाठी गाडीवर गाज, म्हणजे तारण, नोंदलेले असेल तर ते उठल्याशिवाय व्यवहार निर्वेध होत नाही. म्हणून पैसे देण्याआधी तारणाची चौकशी रजिस्ट्रार-जनरलच्या खात्यात करावी. विकणारा म्हणतो, “हप्ते केव्हाच फिटले.” फिटले असतील, पण त्याचा कागद दाखवावा. तसेच चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर पुस्तकातल्या नंबरांशी एकेक आकडा जुळवून पाहावा. खरवडलेला किंवा नव्याने ठोकलेला नंबर दिसला तर किंमत कितीही स्वस्त असो, घरी परतावे.

आणखी एक अडचण आपल्या कुटुंबांत वारंवार येते. वडील वारले, त्यांची मोटारसायकल अंगणात उभी आहे, थोरला मुलगा ती विकतो. कायद्याने ती गाडी सर्व वारसांची झालेली असते. आईचा, बहिणींचा, धाकट्या भावाचा त्यात वाटा असतो. एक बहीण कॅनडात, एक भाऊ ऑस्ट्रेलियात, असे आपल्याकडे आता घरोघर आहे. त्यांच्या संमतीवाचून थोरल्याने लिहिलेले विक्रीपत्र कच्चे. अशा वेळी आधी नोटरीकडे जाऊन वारसांचा कागद करून घ्यावा, परदेशातील भावंडांकडून मुखत्यारपत्र मागवावे, आणि मग गिऱ्हाईक पाहावे. उलटेही घडते. वडिलांनी जिवंतपणी गाडी विकली पण नाव बदलले नाही, आणि ते गेल्यावर घेणारा सहीसाठी दारात उभा राहतो. मग दुःखाच्या घरात जुन्या व्यवहाराचा वाद सुरू होतो. पैसे दिले होते की नव्हते? किती दिले होते? सांगणारा तर निघून गेलेला असतो.

इतके सगळे असताना लोक टाळाटाळ का करतात? नुसत्या आळसाला दोष देऊन चालणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला राजधानीत जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. दोघांना एकाच दिवशी सुटी मिळत नाही. गाडी जुनी आणि स्वस्त असली की कागदासाठी लागणारा खर्च डोळ्यांत खुपतो, आणि तो कोणी द्यायचा यावर दोघेही गप्प बसतात. शिवाय आपल्या समाजात ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे हा अविश्वास समजला जातो. “माझ्यावर भरवसा नाही का?” एवढे शब्द ऐकले की आपण ओशाळतो. पण विश्वास पानिपतच्या लढाईत गेला, असे मराठी माणूस उगाच म्हणत नाही. माझ्या मते कागद करणे हा मैत्रीवरचा संशय नाही. मैत्री टिकावी म्हणून घेतलेली ती काळजी आहे. ज्या दोघांमध्ये कागद आहे त्यांच्यात पुढे भांडायला विषयच उरत नाही.

सर्वांत वाईट पद्धत म्हणजे कोऱ्या विक्रीपत्रावर सही करून देणे. घेणाऱ्याचे नाव रिकामे, तारीख रिकामी. मधला दलाल हा कागद खिशात ठेवतो आणि गाडी पुढे कोणाला तरी विकतो. विकणाऱ्याला आपली गाडी कोणाकडे गेली हेही ठाऊक नसते. कोरी सही म्हणजे कोरा धनादेश. आपण मुलांना शाळेत शिकवतो की न वाचता सही करू नये. मग मोठ्यांनी न लिहिलेल्या कागदावर सही कशी करावी?

तेव्हा व्यवहाराचा क्रम असा असावा. प्रथम पुस्तक, ओळखपत्रे, नंबर आणि तारण यांची तपासणी. मग विक्रीपत्र दोन मूळ प्रतींत, एक एकाकडे, एक दुसऱ्याकडे. दोन पक्षांच्या करारासाठी कायद्याचीच (कलम १३२५) तशी अपेक्षा आहे. त्यात दोघांची पूर्ण नावे, पत्ते, ओळखपत्रांचे क्रमांक, गाडीचे नंबर, खरी किंमत, तारीख, आणि किल्ली हाती दिल्याची वेळही लिहावी. वेळ एवढ्यासाठी की सकाळचा अपघात कोणाचा आणि संध्याकाळचा कोणाचा, हे त्यावरून ठरते. मग दोघांनी मिळून एकच दिवस ठरवावा, जे शुल्क लागू असेल ते भरून विक्रीपत्र नोंदवावे आणि एनएलटीएत नाव बदलून घ्यावे. शक्य असेल तर किंमतीचा शेवटचा भाग आणि किल्ली त्याच दिवशी एकमेकांच्या हाती द्यावी. म्हणजे दोघांनाही घाई राहते. बदललेल्या नोंदीची प्रत विकणाऱ्याने जपून ठेवावी.

सरकारकडेही एक मागणे आहे. गाडीचे वार्षिक लायसन्स आपण जवळच्या पोस्टात भरू शकतो. मग गाडी विकल्याची खबर देणेही तितकेच सोपे का असू नये? इंग्लंडमध्ये विकणारा घरबसल्या वाहनखात्याला कळवतो आणि मोकळा होतो. फ्रान्समध्ये विकणाऱ्याने १५ दिवसांच्या आत विक्रीचे निवेदन करायचे असते. या दोन्ही देशांच्या कायद्यांचा वारसा आपल्याकडे आहे, तर त्यांच्या सोयीही घ्याव्यात. आपल्या गावच्या पोस्टात विकणाऱ्याने एकट्याने जाऊन सूचना द्यावी, शिक्का मारलेली पावती घ्यावी, आणि त्या तारखेपासून नोटिसा त्याच्या दारी येऊ नयेत, एवढे झाले तर कासीसच्या खिडकीवरची गर्दीही कमी होईल आणि पोलिसांनाही खरा माणूस लवकर सापडेल. पुस्तकातले नाव आणि गाडीवरचा माणूस एकच असणे, यात सरकारचाही फायदा आहे.

ही सोय होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येक घराने एक काम करावे. गेल्या पाच-सात वर्षांत घरातून कोणती दुचाकी विकली गेली ते आठवावे. तिचे नाव बदलले का, हे घेणाऱ्याला विचारावे. बदलले नसेल तर त्याला सोबत घेऊन जावे, खर्चाचा अर्धा वाटा स्वतः उचलावा लागला तरी उचलावा. अर्ध्या दिवसाची मजुरी आणि बसचे भाडे एवढ्यावर हे काम आज होते. अपघातानंतर ते कितीला पडेल हे कोणी सांगू शकत नाही.